कागदाची मागची बाजू

मार्शल लॉ उठल्यावर सोलापुरातली जी छोटी वर्तमानपत्रे पुन्हा निघू शकली नाहीत, त्यांत आमचे साप्ताहिक होते. मी तिथे चार वर्षे बातम्या लिहीत आणि कात्रणे लावीत असे. त्यानंतर काही महिने रिकामे गेले. मग एका शिक्षणसंस्थेच्या चिटणिसांनी मला बोलावून घेतले. ते पेशाने वकील होते. संस्थेला शहरात कॉलेज काढायचे होते आणि ते विद्यापीठाला जोडून घ्यायचे होते. अजून परवानगी नव्हती, प्राध्यापक नव्हते, विद्यार्थीही नव्हते. एका व्यापाऱ्याने दिलेला बंगला मात्र होता, आणि त्याच्या दोन खोल्यांत कॉलेजचे कलासंग्रहालय आधीच मांडायचे ठरले होते. विद्यापीठाची मंडळी पाहणीला आली की त्यांना दाखवायला काहीतरी हवे, असे चिटणिसांचे म्हणणे.

"चित्रांतलं काही कळतं का तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"नाही."

"बरं झालं. कळणारे फार भांडतात. तुम्ही नोंदी नीट करा."

मदतनीस संग्रहपाल असा माझा हुद्दा ठरला. ज्याला मदत करायची तो संग्रहपाल शेवटपर्यंत नेमला गेला नाही.

संग्रह एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी दिलेला होता. त्यात देवादिकांचे एकही चित्र नव्हते. सगळी हल्लीच्या तरुण चित्रकारांची रेखाटने: कोळशाची, पेन्सिलीची, शाईची. माणसे, बैल, गिरणीची धुराडी, बाजारात उकिडव्या बसलेल्या बायका. पुष्कळशी पाच-सहा रेषांत आटोपलेली. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते कागद नाकाशी धरीत, कडा बोटाने चाचपीत आणि कोणी काढले, कधी काढले ते सांगत. मी लिहून घेई.

"याला नाव काय देऊ?" एकदा मी विचारले.

"नाव कशाला? तुम्ही छापखान्यातली माणसं मेलेल्या म्हशीलाही मथळा देता."

बंगल्यावर एक शिपाई होता, पन्नाशीचा, सांगोल्याकडचा. त्याच्या घरी मेंढरे होती आणि दुष्काळी वर्षांत ती विकून तो शहरात आला होता. रेखाटने भिंतीला टेकवून ठेवली की तो कमरेवर हात ठेवून एकेक बघत जाई.

"साहेब, ही पुरी कवा हुणार?"

"पुरीच आहेत ती."

"मग मी बी चितारी हाय की. आमच्या भितीवर कोळशानं असलं लई काढलंय. घरचीनं शेणानं सारवून टाकलं."

मास्तरांचा एक विद्यार्थी भवानी पेठेत राहत असे. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. तो एका गिरणीत लुगड्यांच्या काठांचे नमुने काढण्याच्या कामावर होता. हे नमुने चौकटी छापलेल्या कागदावर काढतात. एक चौकट म्हणजे एक धागा. दिवसभर चौकटी भरून झाल्या की घरी उरलेल्या तसल्याच कागदांवर तो माणसे काढी, चौकटींकडे लक्ष न देता. क्षयाने तो गेला तेव्हा तिशीच्या आतच होता. दिवस झाल्यावर मास्तरांनी त्याच्या थोरल्या भावाकडून कागदांचा गठ्ठा मागून घेतला आणि संग्रहालयाला दिला.

त्या गठ्ठ्यात एक पाठमोरी बाई होती. आमच्याकडे गल्लीत लांबच लांब ताणा ताणून सुताला खळ लावतात; त्याला पांजणी म्हणतात. ती तशा ताण्यावर वाकून कुंचला फिरवीत होती. डोके दिसत नव्हते. पाठ, एक कोपर, ओढून खोचलेला काष्टा, आणि डावीकडून उजवीकडे गेलेल्या ताण्याच्या तीन रेषा. सगळे जाड कोळशात. मास्तरांनी हा कागद बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ नाकाशी धरला.

"हे मधोमध लावा," ते म्हणाले. "माझ्या हाताखालून खरं चित्र एवढं एकच गेलं."

रेखाटने पुठ्ठ्यावर लावण्याचे काम माझे. ते मी जसे येत होते तसे केले. वर्तमानपत्राच्या कचेरीत कात्रणाची मागची बाजू कोणी बघत नाही. तिथे जे छापलेले असते ते दुसऱ्याच कशाचे तरी अर्धे तुटलेले असते, औषधाची जाहिरात किंवा कापसाचे भाव. ती बाजू चिकटवून टाकायची असते. चार वर्षे मी रोज हेच केले होते. चिकटवायला खळ. सोलापुरात सुतापासून पतंगापर्यंत सगळ्याला खळच लागते. किडीसाठी तिच्यात मोरचूद घालतात. आमच्या कचेरीत शिवाय सरसही घालीत, कारण कात्रणांच्या वह्या फार हाताळल्या जात. पान फाटले तरी कात्रण सुटायचे नाही. मी तीच खळ शिजवली, कागदाच्या मागे कडेपर्यंत सारखी लावली, कागद पुठ्ठ्यावर ठेवला आणि वरून लाटणे फिरवले. मास्तरांनी वास घेऊन विचारले, "खळ का? उत्तम." शिपायाने सगळे पुठ्ठे गच्चीवर उन्हात वाळवले. यात काही वावगे आहे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

लावण्यापूर्वी प्रत्येक कागद मी दोन्ही बाजूंनी पाहिला होता, कारण नोंदवहीत तसा रकाना होता. पाठमोऱ्या बाईच्या नोंदीत मी लिहिले, 'मागे पेन्सिलीने लहान मुलीचे डोके. अपुरे. दखल घेण्याजोगे नाही.'

माघ महिन्यात एका सकाळी शिपाई आत आला.

"एक अक्का आल्यात. चित्र बघायचं न्हाय म्हणत्यात. चित्राच्या मागचं बघायचं म्हणत्यात."

ती पायरीवर बसली होती. वय पंचवीसच्या आसपास, कपाळ मोकळे. बोटांना कांड्या भरणाऱ्या बायकांच्या बोटांवर असतात तशा सुताने कापल्याच्या बारीक खुणा. भवानी पेठेतून चालत आली होती. ती मराठीत बोलली, पण नवऱ्याचे नाव तिने घेतले नाही. 'ते गिरणीत काठ काढायचे ते' असे म्हणाली. मी ओळखले आणि तिला आत नेले.

पाठमोऱ्या बाईसमोर ती थांबली.

"ही मीच की," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "कंबर किती मोठी काढलीया बघा. भाताचं पोतं हाय का मी?"

शिपाई हसला. तीही हसली. मग तिने पुठ्ठ्याची कड हाताने धरून मागे पाहिले आणि मागे नुसता कोरा पुठ्ठाच आहे हे तिच्या ध्यानात आले.

"ह्याच्या मागं माझी पोरगी हाय," ती म्हणाली.

मी नोंदवही उघडली आणि 'मागे पेन्सिलीने लहान मुलीचे डोके, अपुरे' एवढे वाचून थांबलो.

"हाय न्हवं? हाय म्हंजे!" तिने शिपायाकडे पाहिले, जणू त्याने नाही म्हटले होते. "अपुरे म्हंजे काय?"

"पूर्ण काढलेलं नाही."

"व्हय, बसायचीच न्हाय ती एका जागी. ते वरडायचे, ही पळायची."

मुलगी तीन वर्षांची असताना देवी आल्या, त्यात गेली. फोटो काढलेला नव्हता. पेन्सिलीचे ते डोके देवी येण्याच्या आदल्या महिन्यातले. मुलगी गेल्यावर तो कागद नवऱ्याच्या डोळ्यांसमोर येई. फाडवेना आणि बघवेना. मग एके दिवशी त्याने कागद उलटा केला आणि वरच्या अंगाला बायकोला काढले. पुढे तो स्वतः अंथरुणाला खिळला. दिरांनी गठ्ठा मास्तरांना दिला तेव्हा ती कोपऱ्यात बसलेली होती. तिला कोणी विचारले नाही आणि तिलाही त्या दिवसांत कागदांची आठवण नव्हती.

"आता काय झालंय, डोळं मिटलं की जावंच्या पोरीचं तोंड येतंय. तिचं येत न्हाय. लई येळ बसते, तरी जावंच्याच पोरीचं येतंय. मला एकदा बघू द्या साहेब. मग तुमचं तुमाला."

मी तिला कागद कसा लावला आहे ते सांगितले. तिने पुठ्ठा खिडकीशी नेऊन उजेडात धरला, तिरपा करून पाहिला. काही दिसले नाही.

"खळच हाय न्हवं?" ती म्हणाली. "कापडातली खळ आमी कोमट पाण्यात काढतोय की."

"यात सरसही आहे."

"ते काय असतंय?"

"हाडांचा डिंक."

"मग पानी वाईच जास्त गरम घ्याया पायजे."

कोळसा पाण्यात टिकणार नाही, हे मी तिला सांगितले. म्हणजे समोरची बाई जाईल.

"जाऊ द्या. मी हाय की हितं."

संस्थेच्या मालकीच्या वस्तूला मला परस्पर हात लावता येत नव्हता. मी त्याच दुपारी चिटणिसांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ते कठोर गृहस्थ नव्हते. मुलगी किती वर्षांची होती असे त्यांनी विचारलेही. मग टेबलावरचे माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवले. त्याच्या पहिल्या पानावर पाठमोरी बाई छापलेली होती.

"विद्यापीठाची मंडळी उन्हाळ्यात येतायत. बाहेरचा माणूस याच एका चित्रापुढे थांबतो, हे तुम्हीच मला लिहून दिलंय. पाहणी होऊ द्या. मग बघू."

मी आग्रह धरला नाही. आजही कारण शोधतो तेव्हा सापडते ते असे की, वरिष्ठ म्हणतात तोवर मजकूर थांबवून ठेवण्याची मला सवय होती.

बाईला सांगितले तेव्हा तिने फक्त "उनाळ्यात म्हंजे चैतात का वैशाखात?" एवढे विचारले. नंतर ती गिरण्यांच्या सुटीच्या दिवशी येऊ लागली. पहिल्यांदा मला वाटले, पुन्हा विनंती करील. ती पुठ्ठ्यासमोर जमिनीवर बसे, अर्धा-पाऊण तास, आणि उठून जाई. एकदा जावेला घेऊन आली. दोघी तेलुगूत हळू बोलल्या. जाऊ पुठ्ठ्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने कोऱ्या बाजूवर तळहात ठेवला.

शिपायाला हे बघवत नसे.

"साहेब, मी इसरून पुठ्ठा घरी न्हेतो. तुमी म्हणा, उंदरानं न्हेला."

"अठरा इंचांचा पुठ्ठा उंदीर नेतो का?"

"सोलापुरातलं उंदीर हाईत साहेब. गिरणीचं सूत खात्यात, पुठ्ठ्याला काय भितात?"

वैशाखात खोल्यांतल्या भिंती रात्रीही गरम राहत. काही पुठ्ठे बाक धरून वाकले, पण एकही कागद सुटला नाही. मी दर आठवड्याला तपासत असे. पूर्वी हे पाहून मला समाधान वाटे.

पाहणीला तीन गृहस्थ आले. पिण्याच्या पाण्याची सोय, वर्गांची संख्या, स्टेशनपासूनचे अंतर याबद्दल त्यांनी विचारले. संग्रहालयात ते दहा मिनिटे होते. त्यांपैकी एक पाठमोऱ्या बाईपुढे थांबले आणि रेषेत जोर आहे असे इंग्रजीत म्हणाले. मास्तर मुद्दाम टांग्याने आले होते. त्यांना ते ऐकू गेले आणि ते दिवसभर खुशीत होते. महिन्याभराने पत्र आले. कॉलेजला परवानगी मिळाली नव्हती. चिटणीस ते पत्र घडी घालून खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "त्या बाईंचं काय ते आता करून टाका."

मी मास्तरांनाही विचारले.

"मागे काय होतं, मी पाहिलंच नाही," ते म्हणाले. "दिसत होतं तेवढं एकाच बाजूचं दिसलं. आता तिचं तिला द्या." कागद सोडवायच्या दिवशी मात्र ते आले नाहीत.

सकाळची वेळ होती. व्हरांड्यात शिपायाने पितळेची मोठी परात ठेवली आणि तीन विटांच्या चुलीवर पाणी तापवले. बाईने पाण्यात कोपर बुडवून पाहिले, लहान मुलाच्या अंघोळीचे पाणी बघतात तसे, आणि आणखी एक तांब्या गरम पाणी ओतायला सांगितले. पुठ्ठा मी आत सोडला.

कोळसा लगेच सुटला. पाण्यावर काळी साय धरली आणि तिच्याखाली पाठ, कोपर, ताणा फिकट होत गेले. बाईने त्याकडे पाहिले नाही. ती कड बोटांनी चाचपीत होती. थोड्या वेळाने एक कोपरा सुटला.

"सुटतंय," ती म्हणाली.

तुटलेला धागा ओढताना या बायका जशी बोटे चालवतात तशी ती चालवीत होती. नखाने नाही, बोटाच्या पेराने. मी पुठ्ठा धरून होतो. चार बोटे रुंदीचा पट्टा अलगद वर आला आणि उलटला. त्यावर पेन्सिलीच्या रेषा होत्या. कान, कानामागे सुटलेले केस, मान, गळ्यातल्या दोऱ्याचा थोडासा भाग. पेन्सिल पाण्याला टिकली होती. शिपाई वाकून बघू लागला.

त्यापुढे कागद येईना. गिरणीचा कागद पातळ असतो, आणि मधल्या भागात मी खळ दोनदा लावली होती, फुगा राहू नये म्हणून. तिने थांबून पाणी आणखी गरम मागितले. पुन्हा पेर चालवले. कागद सुटण्याऐवजी भिजून फाटला. वरचा पापुद्रा तिच्या बोटांना लागून आला आणि खालचा पुठ्ठ्यावरच राहिला. मी पुठ्ठा बाहेर काढून तिरपा धरला. जिथे चेहरा असायला हवा तिथे राखाडी लगदा होता. त्यात दोन रेषा दिसत होत्या, त्या कशाच्या ते ठरवता येत नव्हते. तिने त्यांवरून बोट फिरवले तेव्हा त्याही गेल्या.

माघातच, उन्हाळा लागण्यापूर्वी हे केले असते तर कागद अखंड आला असता का, हे मला सांगता येत नाही. मी नंतर तसल्याच दुसऱ्या एका कागदावर करून पाहिले, तोही फाटला. पण तोही तोवर उन्हाळाभर तापलेला होता.

ती परातीशी बसूनच राहिली. तळहातावर फाटून वेगळा झालेला तो पट्टा होता.

"तुमी बघितलं हुतं न्हवं?" तिने विचारले.

"हो."

"नाक कसं काढलं हुतं?"

मी तो कागद खिडकीशी, भर दुपारच्या उजेडात पाहिला होता. एक ओळ लिहायला लागतो तेवढा वेळ. कागदाची लांबीरुंदी मला पाठ होती. कोणत्या कोपऱ्यात शाईचा डाग होता ते मी सांगू शकलो असतो.

"आठवत नाही."

"डोळं मोठं हुतं? उघडं हुतं का मिटल्यालं?"

"बाई, मला खरंच आठवत नाही."

"बघितलं हुतं म्हणालात की."

शिपाई तांब्या घेऊन नळावर गेला. तांब्यात पाणी होते.

पट्टा ओला असताना उचलून नेता येण्यासारखा नव्हता. मी टीपकागद आणला. तिने तो नको म्हटले. चिकटेल अशी तिला भीती होती. व्हरांड्यात उन्हाची तिरीप येत होती तिथे तिने तळहात उघडा धरला आणि भिंतीला टेकून बसली. मी समोरच्या खुर्चीवर बसलो. मध्ये एकदा हात अवघडला तेव्हा तिने दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला. मी हात पुढे केला, पण तिने पट्टा दिला नाही. कडा वाळून वर येऊ लागल्या तसा तो कान जास्त स्पष्ट झाला. बारीक, लक्ष देऊन काढलेला कान होता. पाळीला भोक होते आणि त्यात काडी घातलेली होती.

"काडीच हुती," ती म्हणाली. "सोनं घालायचं हुतं दिवाळीला." मग तिने पट्टा डोळ्यांजवळ नेला. "ह्यो कुठला कान, साहेब? उजवा का डावा?"

मी उठून पाहिले. केस कोणत्या अंगाला गेले होते, मान कुठे वळली होती, ते नीट पाहून सांगितले, "उजवा."

तिने स्वतःचे डोके एका बाजूला वळवून पाहिले, मग दुसऱ्या. शिपाई नळावरून परत आला होता. त्याला तिने समोर बसवले आणि मान वळवायला लावली. तो निमूटपणे बसला.

"ते कायम चुलीच्या अंगाला भितीला टेकून काढायचे," ती म्हणाली. "दार त्यांच्या उजव्या हाताला. म्हंजे ही दाराकडं बघत हुती." मग म्हणाली, "सकाळी दाराबाहीर मी असायची. पांजणीला."

मी "असेल" म्हणालो. ती माझ्या उत्तरासाठी थांबलेली नव्हती.

बारा वाजता पट्टा वाळला. मी तिला दोन कोरे कागद दिले, त्यांत ठेवून तिने तो पदराखाली घेतला. ती उठली, परात तिरपी करून काळे पाणी अंगणात ओतले, परात घासू लागली. शिपायाने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेला. पुढल्या सुटीच्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.